नाशिकची पहिली भेट : मुक्काम कुठे करावा, क्रम कसा लावावा आणि चुका कुठे होतात

नाशिकला प्रथमच येणाऱ्या कुटुंबांच्या नियोजनात एक चूक वर्षानुवर्षे तशीच चालू आहे. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, पांडवलेणी, वणीची सप्तशृंगी आणि जमलेच तर शिर्डी अशी पाच नावे एका कागदावर लिहिली जातात, एक गाडी ठरवली जाते आणि हे सगळे दीड दिवसात उरकण्याचा बेत होतो. त्यात त्र्यंबकच्या रांगेत अर्धा दिवस जातो, वणीच्या रस्त्यात उरलेला अर्धा जातो आणि ज्या शहराचे नाव घेऊन घर सोडले, त्या शहराच्या वाट्याला रामकुंडावरची दहा मिनिटे येतात. ज्येष्ठांचे पाय दुखतात, मुले कंटाळतात आणि परत गेल्यावर ‘नाशकात पाहण्यासारखे फारसे काही नाही’ असे सांगितले जाते. हे मत नाशिकवर अन्याय करणारे आहे आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या क्रमातून तयार होते.

पुढील टप्पे तीन रात्रींचा मुक्काम गृहीत धरून लिहिले आहेत. एकच रात्र हातात असेल तर काय गाळावे, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

टप्पा १ : आधी काय गाळायचे ते ठरवा

पाहण्याच्या ठिकाणांची यादी करण्याआधी नकाशा उघडावा आणि प्रत्येक ठिकाण शहराच्या कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. त्र्यंबकेश्वर पश्चिमेकडे सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि अंजनेरी त्याच रस्त्यावर लागते. सप्तशृंगगड उत्तरेकडे सुमारे ६० किलोमीटरवर आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पुण्याच्या रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि शिर्डी त्याच्याही पुढे, नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर येते. पांडवलेणी मुंबईच्या बाजूला, शहराच्या मध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. पंचवटी आणि जुने नाशिक मात्र गोदावरीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेले असून दोन्ही पायी फिरण्याचे भाग आहेत.

यावरून एक नियम निघतो : एका दिवसात शहराबाहेरची एकच दिशा धरावी. त्र्यंबक आणि वणी एकाच दिवशी करायचे म्हणजे नाशिकमधून दोनदा आरपार जायचे, आणि तेही भर गर्दीच्या वेळी. तीन रात्रींच्या मुक्कामात शहर, त्र्यंबक आणि पांडवलेणी एवढेच नीट होते. वणीला गड चढण्याचा रस्ता, त्यानंतर पायऱ्या किंवा फ्युनिक्युलर ट्रॉलीची रांग आणि परतीचा प्रवास धरला, तर पूर्ण दिवस लागतो, म्हणून त्यासाठी चौथी रात्र काढावी. शिर्डीला जायचेच असेल तर नाशिकहून जाऊन परत येऊ नये. नाशिकचा मुक्काम संपवून सामानासह पुढे निघावे, वाटेत सिन्नरला गोंदेश्वर पाहावे आणि परतीचे तिकीट तिकडूनच काढावे.

> सावधान : ज्यांना त्र्यंबकला नारायण नागबली करायचा आहे, त्यांनी तो या आराखड्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. हा विधी तीन दिवसांचा असतो आणि त्यासाठी त्र्यंबकमध्येच राहावे लागते. नाशिकचे दिवस त्यानंतर वेगळे धरावेत.

टप्पा २ : तारीख निवडताना वारही पाहा

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पायी फिरण्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते आणि घाटावर वारा लागतो, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांनी ‘एक स्वेटर पुरे’ असे समजू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अकरा ते चार घाटाचा दगड तापतो, आणि मंदिरांत अनवाणी चालावे लागत असल्याने हा त्रास अंदाजापेक्षा जास्त होतो.

पावसाळ्यात त्र्यंबकचा परिसर हिरवागार असतो, म्हणून अनेक जण मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्ये येतात. तसे येण्यास हरकत नाही, परंतु वरच्या बाजूला गंगापूर धरण आहे आणि धरणातून विसर्ग सुरू झाला की काही तासांत रामकुंड व घाटावरची लहान मंदिरे पाण्याखाली जातात. नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचे पूर मोजण्याचे माप आहे. पाणी त्याच्या पायाला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून काठावरचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. धरणातून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल, तर ‘थोडे पाणी बघून येऊ’ म्हणून पायऱ्या उतरू नयेत.

सणांपैकी चार प्रसंग लक्षात ठेवावेत. चैत्रात रामनवमी आणि त्यानंतर दोन दिवसांनी येणाऱ्या कामदा एकादशीला रामरथ व गरुडरथ निघतात, तेव्हा पंचवटीतील रस्ते वाहनांसाठी बंद होतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. रंगाच्या पाण्याने भरलेल्या या जुन्या हौदांत उडी घेण्यासाठी तरुणांची झुंबड उडते, त्यामुळे लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर तो दिवस टाळावा. श्रावणातल्या सोमवारी त्र्यंबकला प्रचंड गर्दी असते. त्यातही तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते आणि तिची गर्दी आदल्या रात्रीपासूनच सुरू होते. चैत्रोत्सवात व नवरात्रात वणीला जाताना खासगी गाडी पायथ्याच्या नांदुरी गावात ठेवून एसटीने गडावर जावे लागते.

वाराचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. ज्यांना बाजार पाहायचा आहे त्यांनी बुधवार मुद्दाम निवडावा, आणि ज्यांना घाट मोकळा पाहायचा आहे किंवा विधी करायचा आहे त्यांनी तो वार सोडावा. सोमवारी त्र्यंबक नको. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी सगळीकडे असते. माझ्या मते बुधवारच्या बाजाराची अडचण नसेल तर पहिल्या भेटीसाठी मंगळवारी संध्याकाळी पोहोचून शुक्रवारी परतणे सर्वांत बरे.

सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. जाहीर झालेल्या तारखांनुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, आणि नाशिकमधील अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. या स्नानांच्या आगेमागे शहर पाहण्याचा बेत करू नये. तेव्हा केवळ स्नानासाठी यावे आणि प्रशासन सांगेल त्या वाटेने जावे-यावे. सिंहस्थाच्या तयारीच्या काळातही पंचवटीत व त्र्यंबकच्या रस्त्यावर खोदकाम, वळवलेली वाहतूक आणि बंद घाट यांची शक्यता धरावी व येण्याच्या आठवड्यात स्थानिक बातम्या पाहाव्यात.

> तपासणी : तारीख नक्की करण्यापूर्वी पंचांगात एकादशी, श्रावणी सोमवार आणि अमावास्या पाहिली का? आपल्या यादीत त्र्यंबक सोमवारी तर येत नाही ना?

टप्पा ३ : पोहोचण्याची जागा नीट समजून घ्या

रेल्वेचे स्थानक ‘नाशिक रोड’ आहे आणि ते पंचवटीपासून सुमारे दहा किलोमीटर दूर आहे. स्थानकाबाहेर पडले की चालत रामकुंड येईल, या समजुतीने येणारे लोक आजही भेटतात. स्थानकाबाहेरून शहर बस, रिक्षा आणि ॲपवरच्या टॅक्सी मिळतात, परंतु द्वारका चौकातील कोंडी लक्षात घेऊन या अंतराला पाऊण तास धरावा.

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. पंचवटी एक्सप्रेस ही सकाळी नाशिककडून मुंबईला जाणारी आणि संध्याकाळी मुंबईहून परतणारी गाडी आहे. तिने आलात तर नाशिक रोडला रात्र झालेली असते आणि पहिली संध्याकाळ हातची जाते. सकाळी मुंबईहून निघायचे असेल तर तपोवन एक्सप्रेस किंवा शिर्डीला जाणारी वंदे भारत पाहावी. परतीला मात्र, निघण्याच्या सकाळी काही पाहायचे नसेल तर, सकाळची पंचवटी सोयीची पडते. तिकीट मिळालेच नाही तर कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन तिथून शेअर टॅक्सीने नाशिक गाठणारे अनेक जण आहेत. सामान कमी असेल तर हा मार्ग चालतो, पण लहान मुले व ज्येष्ठ बरोबर असतील तर मी तो सुचवणार नाही.

पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नाही, त्यामुळे बस किंवा मोटार हाच व्यवहार्य पर्याय आहे. सकाळी लवकर निघून चाकण गर्दीपूर्वी ओलांडावे. पुण्याची बस सिन्नरकडून येताना आधी नाशिक रोडला आणि मग द्वारकेवरून शहरात शिरते, म्हणून मुक्काम त्या बाजूला असेल तर शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन मागे फिरण्याचे कारण नाही. कंडक्टरला आधीच सांगून ठेवावे.

बसस्थानके एकापेक्षा अधिक आहेत, आणि येथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. जुने सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), ठक्कर बाजार, मेळा स्थानक ही जवळजवळ असून महामार्ग स्थानक मुंबई नाक्याला व निमाणी पंचवटीत आहे. ‘नाशिक बसस्टँडला भेटू’ असे ठरवलेले दोन नातेवाईक दोन वेगळ्या स्थानकांवर उभे राहून एकमेकांना फोन करत असतात. तिकिटावर स्थानकाचे नाव वाचावे आणि घ्यायला येणाऱ्याला तेच नाव कळवावे.

टप्पा ४ : मुक्कामाचा भाग ठरवा, मग हॉटेल शोधा

बहुतेक जण आधी भाडे पाहतात, मग फोटो पाहतात आणि जागा सर्वांत शेवटी पाहतात. हा क्रम उलटा हवा, कारण खोलीवर वाचलेले पैसे रिक्षात जातात आणि पहाटेचा वेळ जातो तो वेगळाच.

पहाटे स्नान किंवा विधी करायचा असेल तर पंचवटीतच राहावे. तिथे धर्मशाळा, भक्तनिवास आणि साधी हॉटेले आहेत. सोयी बेताच्या असल्या तरी घाट पायी गाठता येतो आणि पहाटे पाचला रिक्षा शोधावी लागत नाही. बसने येणाऱ्यांसाठी व त्र्यंबकला एसटीने जाणाऱ्यांसाठी सीबीएस-शालिमार परिसर सर्वांत व्यवहार्य आहे, कारण त्र्यंबकच्या गाड्या सीबीएसहून सुटतात आणि घाट सुमारे दोन किलोमीटरवर राहतो. स्वतःची मोटार असेल, तर मुंबई नाका किंवा गंगापूर रोडच्या बाजूला वाहनतळ असलेले हॉटेल घ्यावे. नाशिक रोडला मात्र केवळ रात्री उशिरा पोहोचणार असाल किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल तरच राहावे. नकाशावर ‘नाशिक’ असे लिहिलेली काही हॉटेले प्रत्यक्षात महामार्गावर, शहराबाहेर असतात आणि तिथून घाटावर जाण्यासाठी प्रत्येक वेळी गाडी लागते.

> तपासणी : हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. रामकुंड किती किलोमीटर आहे, पहाटे दरवाजा उघडा असतो का, आणि खोली सोडल्यावर सामान ठेवू देतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर शेवटचा अर्धा दिवस सामान ओढण्यात जातो.

टप्पा ५ : बॅग भरताना

सहज काढता-घालता येतील अशा चपला, डोक्यावर टोपी किंवा पंचा, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि चपला ठेवण्यासाठी कापडी पिशवी एवढे पुरे होते. स्नान करायचे असेल तर जुने कपडे वेगळे बांधावेत. त्र्यंबकसाठी एक लहान बटवा घ्यावा, कारण तिथे मंदिरात मोबाइल वापरू देत नाहीत आणि मोठी बॅग घेऊन रांगेत उभे राहणे त्रासाचे होते. ज्येष्ठांची औषधे खोलीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत असावीत.

टप्पा ६ : पहिली संध्याकाळ घाटावर घालवा

पोहोचल्या दिवशी मंदिरांच्या मागे लागू नये. ऊन उतरल्यावर रिक्षाने मालेगाव स्टँड किंवा रविवार कारंजापर्यंत जावे आणि तेथून पायी घाटावर उतरावे. नाशिककर घाटाला ‘गंगा’ म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना ‘गंगेवर कसे जायचे’ असे विचारले तरी कोणीही सांगेल. या पहिल्या फेरीचा हेतू एवढाच की रामकुंड कुठे आहे, नदी ओलांडणारे पूल कोणते, कपालेश्वराच्या पायऱ्या कुठून चढतात आणि दुतोंड्या मारुती कोणत्या बाजूला उभा आहे, हे डोळ्यांनी पाहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात ही ओळख फार उपयोगी पडते. संध्याकाळी रामकुंडावर गोदाआरती होते. जागा मिळण्यासाठी सूर्यास्तापूर्वी पोहोचावे.

> सावधान : कुंडाच्या पायऱ्या पाण्याच्या रेषेजवळ शेवाळलेल्या असतात. कोरडी दिसणारी शेवटची पायरीच अनेकदा निसरडी निघते. साखळी किंवा सोबत्याचा हात धरल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये आणि मुलांना एकटे उतरू देऊ नये.

टप्पा ७ : पंचवटी सकाळी आणि पायीच

हा संपूर्ण भेटीचा गाभा आहे आणि नेमका हाच भाग लोक रिक्षातून उरकतात. रामकुंडाजवळ ‘सगळी ठिकाणे दाखवतो’ असे सांगणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना त्यांचा खरोखर उपयोग होतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र धडधाकट माणसाने रामकुंडापासून काळारामापर्यंतचे अंतर रिक्षाने कापणे म्हणजे ज्या गल्ल्या पाहायच्या त्याच न पाहणे होय.

सूर्योदयाच्या सुमारास रामकुंडावर पोहोचावे. स्नान करायचे असेल तर आत्ताच करावे, कारण आठनंतर दशक्रिया व अस्थिविसर्जनाचे विधी मोठ्या संख्येने सुरू होतात. येथे एक कळकळीची विनंती आहे. घाटावर मुंडन करून बसलेली, हातात पिंड घेतलेली माणसे म्हणजे आपल्या सहलीतला देखावा नव्हे. त्यांचे फोटो काढू नयेत, त्यांच्यामधून वाट काढू नये आणि तेथे मोठ्याने हसू-बोलू नये.

स्नानानंतर पायऱ्यांनी कपालेश्वरला जावे. हे महादेवाचे मंदिर असूनही समोर नंदी नाही, हे मुलांना आधी न सांगता शोधायला लावावे. तिथून खाली येऊन नारोशंकराचे मंदिर पाहावे. त्याच्या तटावरच्या मोठ्या घंटेकडे खालूनच लक्ष जाते, पण बाहेरच्या भिंतींवरचे बारीक कोरीव काम पाहण्यासाठी मंदिराला एक पूर्ण फेरी मारावी लागते आणि ती सहसा कोणी मारत नाही. त्यानंतर चढाच्या रस्त्याने काळाराम मंदिराकडे निघावे.

काळारामाला बहुतेक लोक दर्शन घेऊन लगेच बाहेर पडतात. तसे न करता प्रथम आतल्या बाजूने तटाच्या ओवऱ्यांतून चालावे, सभामंडपात थोडा वेळ बसावे आणि मग दर्शनाला जावे. रामशेजच्या काळ्या दगडाचे हे बांधकाम सकाळच्या तिरप्या उन्हात जसे दिसते तसे दुपारी दिसत नाही. पूर्वेच्या महाद्वारापाशीही थांबावे. याच मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू केला. मुले बरोबर असतील तर हे त्यांना दारात उभे राहूनच सांगावे.

सीतागुंफा काळारामापासून चालत काही मिनिटांवर आहे आणि जवळच पंचवटीचे वड आहेत. गुंफेचा मार्ग इतका अरुंद व ठेंगणा आहे की काही ठिकाणी बसून सरकावे लागते. दम लागणारे, रक्तदाबाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेले, तसेच बंद जागेची भीती वाटणारे यांनी बाहेरच थांबावे. एकदा रांगेत आत शिरल्यावर उलट फिरता येत नाही, हे आत गेल्यावर कळून उपयोग नसतो.

तपोवन येथून सुमारे दोन किलोमीटर आहे. त्यासाठी रिक्षा घ्यावी आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवावे : नुसते सोडायचे की थांबून परत आणायचे, हेही स्पष्ट बोलावे. एकच रात्र हातात असेल तर तपोवन गाळावे, काळारामाची वेळ मात्र कमी करू नये.

> विधीसाठी येणाऱ्यांसाठी : नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नोंदी आहेत. उपाध्याय ठरतात ते मूळ गाव व आडनावावरून, म्हणून निघण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांकडून मूळ गाव, तालुका, आजोबा-पणजोबांची नावे आणि पूर्वी कोणी आले होते का, हे लिहून आणावे. योग्य घर सापडले की गुरुजी कापडात बांधलेले लांबट बाड सोडतात, पाने उलटत गावाच्या नावावर येतात आणि कित्येकदा आपल्याच पणजोबांच्या हातची मोडी सही समोर ठेवतात. सध्याचे राहते शहर सांगून ही नोंद सापडत नाही. दक्षिणा व साहित्याचा खर्च विधीपूर्वी बोलून घ्यावा. विधीच्या सकाळी दुसरे काहीही ठरवू नये.

टप्पा ८ : दुपारी विश्रांती, मग नदीपलीकडचे जुने नाशिक

बारा ते चार खोलीवर परतावे. ही विश्रांती वाया गेली असे वाटणाऱ्यांचीच संध्याकाळ वाया जाते.

चारनंतर रविवार कारंजावर उतरावे. अहिल्याबाई होळकर पुलाजवळचे सुंदरनारायण मंदिर आधी पाहावे आणि मग सराफ बाजाराकडे चालू लागावे. पुढचा क्रम मी मुद्दाम सैल ठेवतो, कारण सरकारवाडा, भांडी बाजार, दहीपूल, तिवंधा या भागात गल्ल्या एकमेकींत मिसळतात आणि उजवी-डावी वळणे पाठ करून काही हाती लागत नाही. वर पाहत चालावे, म्हणजे दुकानांच्या पाट्यांच्या वरती लाकडी खांब, कोरलेल्या तुळया आणि जुन्या वाड्यांचे सज्जे दिसू लागतात. वाडे राहते असतात. दार उघडे असले तरी विचारल्याशिवाय चौकात शिरू नये. विचारले तर बरेच जण आनंदाने आत घेतात. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची असतील तर भांडी बाजारात दोन-तीन दुकानांत वजनाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारावी, एकच एकत्रित आकडा ऐकून पैसे देऊ नयेत.

> सावधान : या भागात मोटार आणू नये. गल्लीत समोरून टेम्पो आला तर मागे घ्यायलाही जागा उरत नाही.

टप्पा ९ : त्र्यंबकेश्वर, पंचवटीनंतरच्या दिवशी पहाटे

त्र्यंबकचा निम्मा त्रास उशिरा निघण्याने होतो. नाशिकमध्ये निवांत मिसळ खाऊन दहाला निघालेला माणूस अकराला रांगेत लागतो आणि दर्शन होईपर्यंत दुपार कलते. पहाटे पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून दिवस उजाडता तिथे पोहोचावे आणि नाश्ता दर्शनानंतर करावा. धर्मदर्शनाच्या रांगेखेरीज सशुल्क देणगी दर्शनाची सोय आहे. त्याची नोंदणी देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. वाटेत किंवा मंदिराबाहेर ‘लगेच दर्शन करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. दर्शनानंतर जवळच असलेल्या कुशावर्तावर जावे.

ब्रह्मगिरी चढायचा असेल तर त्यासाठी अर्धा दिवस वेगळा लागतो आणि पावसात दगडी पायऱ्यांवरून पाणी वाहते. पहिल्या भेटीत दर्शन व ब्रह्मगिरी दोन्ही करण्याचा आग्रह धरू नये. त्यापेक्षा परतताना अंजनेरीला उतरून तेथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय पाहावे. पांडवलेण्यांतील शिलालेखांत ज्या राजांची नावे येतात, त्यांच्या काळातील नाणी आधी पाहिली असली की दुसऱ्या दिवशी लेणी अधिक कळतात.

टप्पा १० : पांडवलेणी शेवटी, निघण्याच्या सकाळी

पांडवलेणी किंवा त्रिरश्मी लेणी पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. मुंबईला मोटारीने परतणाऱ्यांना ती वाटेवरच पडतात, म्हणून त्यांच्यासाठी आधी वेगळी फेरी मारण्याची गरज नाही. रेल्वेने जाणाऱ्यांनी सकाळी लेणी पाहून खोलीवर परतावे आणि दुपारनंतरची गाडी धरावी.

पायऱ्यांची चढण पंधरा-वीस मिनिटांची आहे. वर खाण्या-पिण्याची सोय धरू नये, पाणी खालूनच न्यावे. पायथ्याच्या बुद्धविहारात आणि फाळके स्मारकात वेळ घालवून ऊन चढल्यावर लेण्यांकडे निघणे ही नेहमीची चूक आहे. आधी वर जावे, बाकीचे उतरताना पाहावे.

एकूण २४ लेणी आहेत आणि सगळी सारख्याच लक्षाने पाहू गेल्यास दहाव्यापर्यंत उत्साह संपतो. तीन क्रमांक लक्षात ठेवावेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे वर्णन कोरून ठेवले आहे. या लेण्याच्या ओट्याखाली पाहावे, ओटा खांद्यावर पेलून धरलेल्या दगडी आकृती दिसतील. दहाव्यात क्षत्रप नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांचे लेख एकाच डोंगरात, काही पावलांवर वाचायला मिळतात. अठरावे चैत्यगृह आहे. तिथे बोलणे थांबवून क्षणभर स्तूपासमोर उभे राहावे. अक्षरांवरून हात फिरवू नये आणि खडूने रेघा ओढणाऱ्या मुलांना आवरावे.

> सावधान : कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात. धूर करणे, उग्र अत्तर लावणे, दगड मारणे व आरडाओरडा करणे कटाक्षाने टाळावे.

टप्पा ११ : खाण्याच्या वेळा

मिसळ हा नाशकात सकाळचा पदार्थ आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, पापड, दही आणि पाव असे ताट सकाळी आठ ते अकरा या वेळेत घ्यावे, कारण दुपारनंतर अनेक ठिकाणी मिसळ संपलेली असते. गंगापूर रोड व मखमलाबादकडच्या मोकळ्या जागांतील मिसळीच्या ठिकाणी रविवारी नाव लिहून थांबावे लागते, ती सकाळ त्यासाठीच ठेवता येत नसेल तर शहरातली साधी दुकाने बरी. तिखट न खाणाऱ्यांनी रस्सा वेगळा मागून घ्यावा. द्राक्षे जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत मिळतात. ती शेवटच्या दिवशी घ्यावीत, गाडीच्या डिकीत दोन दिवस तापलेली द्राक्षे घरी पोहोचेपर्यंत पाणावतात. चिवडा मात्र पहिल्या दिवशी घेतला तरी चालतो.

टप्पा १२ : परतीचा दिवस

सकाळची गाडी असेल तर आदल्या रात्रीच रिक्षा किंवा टॅक्सी ठरवून ठेवावी. संध्याकाळची गाडी असेल तर सीबीएस किंवा पंचवटीतून नाशिक रोडसाठी गाडीच्या वेळेपूर्वी किमान दीड तास निघावे, कारण सायंकाळी द्वारकेला किती वेळ अडकावे लागेल याचा भरवसा नसतो. मोटारीने मुंबईला जाणाऱ्यांनी रविवारी दुपारी दोनपूर्वी शहर सोडावे. पुण्याला जाणाऱ्यांनी सिन्नरला गोंदेश्वर पाहण्यासाठी एक तास धरावा. मंदिर गावातच आहे, गाडी जवळपर्यंत जाते आणि संगमनेरच्या पुढे अंधारापूर्वी पोहोचता येते.